महिन्याचे दोन शनिवार

प्रति,
मा. नौदलप्रमुख,
भारतीय नौदल, नवी दिल्ली



मी नौदलात कधी नव्हतो. सांताक्रूझच्या हँगरमध्ये चौतीस वर्षं विमानांची देखभाल केली आणि आता पुण्यात पेन्शनीत आहे. आपल्याला थेट लिहावं एवढी माझी पायरी नाही. पण आपल्या ताब्यात एक वृद्ध राणी आहे, आणि तिच्याविषयी बोलायचं तर दुसरं दार मला ठाऊक नाही. पत्र खुलं ठेवलंय ते एवढ्यासाठी, की चार जणांनी वाचलं तर एखादा तरी माझ्या बाजूने बोलेल.

राणी म्हणजे गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उभं असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन, आयएन 315. आपल्याकडे ते पाहणी विमान म्हणून आलं. त्याआधी एअर इंडियात असताना त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. वेरूळची राणी! त्या काळी एअर इंडियाची सगळी सुपर कॉन्स्टेलेशन्स राण्याच होती, पण वेरूळ म्हटल्यावर आपल्या माणसाचा कान जरा जास्तच टवकारतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एअर इंडियाने जेट विमानं घेतली आणि या राण्या हवाई दलाकडे गेल्या. सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे आमच्या लोहगावला. 1971 च्या युद्धात याच विमानांनी अरबी समुद्रावर तासन् तास घिरट्या घालून नौदलासाठी टेहळणी केली. 1976 मध्ये समुद्रावरची पाहणी नौदलाकडे आली आणि त्यांतली पाच विमानं दाबोळीला उतरली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती निवृत्त झाली. हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण पत्र खुलं आहे आणि बोगमाळोला बीचवर जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

आता मुद्द्यावर येतो. माझी मुलगी ऑस्ट्रेलियात वुलनगाँगला असते. मागच्या खेपेला तिच्याकडे तीन महिने राहिलो. तिसऱ्या आठवड्यात माझी अवस्था पाहून जावई म्हणाले, “बाबा, तुम्हाला एक ठिकाण दाखवतो, तिथे सोडतो आणि संध्याकाळी न्यायला येतो.” पाळणाघरात मूल सोडतात तसं त्यांनी मला शेलहार्बरच्या विमानतळावर सोडलं.

तिथे ‘हिस्टॉरिकल एअरक्राफ्ट रिस्टोरेशन सोसायटी’ नावाची संस्था आहे, तिथल्या बोलण्यात ‘हार्स’. 1979 मध्ये काही विमानवेड्या लोकांनी ती सुरू केली. एका बाजूला डोंगरकडा, दुसऱ्या बाजूला खाडीसारखं तळं, त्यापलीकडे समुद्र, आणि मधल्या सपाटीवर यांचे हँगर. माहिती सांगणारे स्वयंसेवक, इंजिन उघडणारेही स्वयंसेवकच. आपल्याकडे स्वयंसेवक म्हटलं की मांडवात रांग लावणारा बिल्लेवाला मुलगा डोळ्यांसमोर येतो. इथे एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ स्टुलावर बसून सिलिंडरांमधले पत्र्याचे पडदे ब्रशने साफ करत होते. आयुष्यभर पोलादाच्या कारखान्यात काम केलेले. गुडघे गेलेले, म्हणून शिडीवर चढणं बंद, म्हणून बसून होईल ते काम. मी विचारलं, किती दिवसांचं काम आहे हे? म्हणाले, “कुठल्या वर्षाचं विचारताय?”

आणि मग मला ती दिसली. तीच. शेपटीला तीन उभे पंख, माशासारखं वळण घेतलेलं पोट, लांबलचक पुढचा पाय. आपल्या राणीची लष्करी बहीण, 1955 ची. अमेरिकन हवाई दलातून निवृत्त होऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात पडून होती. या मंडळींनी ती मिळवली आणि रजा काढून, पदरचे पैसे घालून, तुकड्यातुकड्यांनी ऑस्ट्रेलियाहून अमेरिकेला जाऊन दुरुस्त केली. 1996 च्या फेब्रुवारीत ती पॅसिफिक ओलांडून सिडनीला उतरली. माणसं पर्यटनाला जातात. ही माणसं सुट्टी घेऊन दुसऱ्या खंडातल्या उन्हात रिव्हेट मारायला गेली!

माझ्या नशिबाने त्या दिवशी इंजिनं चालवून बघायची होती. महिन्यातून एकदा ते विमानं उघड्यावर काढतात, त्याला ‘टार्मॅक डेज’ म्हणतात, आणि लोक मुलाबाळांसह येतात. माझी सगळी नोकरी जेटवर गेली. पिस्टन इंजिनं मी ऐकली होती ती वरिष्ठांच्या तोंडून. एका इंजिनात अठरा सिलिंडर, चार इंजिनांत बहात्तर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. आमचे एक गुरू दुपारच्या डब्यानंतर हा हिशेब पाढ्यासारखा म्हणायचे आणि वर सांगायचे, “एकशे चव्वेचाळीसपैकी कुठला रुसलाय ते आवाजावरून ओळखायचं.” आम्ही हसायचो. त्या दिवशी कळलं की ते गंमत करत नव्हते. पंखा सावकाश फिरतो, कोणी तरी पाती मोजतं, मग एक सिलिंडर खोकतो, मग दुसरा, निळसर धुराचा लोट येतो आणि सगळं एकदम लयीत बसतं. पाती मोजण्यालाही कारण आहे. असली इंजिनं उभी राहिली की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसंच सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि दांडा वाकतो, कारण तेल दाबलं जात नाही. म्हणून आधी हलकेच फिरवून खात्री करायची. तेल गळणं हा या इंजिनांचा दोष मानत नाहीत, स्वभाव मानतात.

मी त्या पाती मोजणाऱ्या माणसाला नंतर गाठलं आणि माझी ओळख दिली. पुढचे दोन महिने मी दर आठवड्याला तिथे होतो. मला काम काय दिलं? फडकं. पहिले दोन दिवस नुसतं पुसायचं. राग आला नाही. नव्या माणसाला आम्हीही फडकंच द्यायचो. पुसता पुसता त्याला विमान कुठे काय आहे ते कळतं आणि आपल्याला तो कसा आहे ते कळतं. तिसऱ्या खेपेला हातात पाना आला. केलेल्या प्रत्येक कामावर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. संध्याकाळी हत्यारं मोजून परत खुंटीला. एक पाना सापडेना तेव्हा सगळे थांबले आणि तो सापडल्यावरच चहा झाला. चहा तिथल्याच ‘कॅफे कॉनी’मध्ये. तिकीट आणि चहा-केक यांच्या पैशातून पेट्रोलला हातभार लागतो. (केक बरा होता. चहाबद्दल बोलत नाही.)

तिथे क्वांटासचं एक जंबोही आहे, 747-400, ‘सिटी ऑफ कॅनबेरा’. 1989 मध्ये ते लंडनहून सिडनीला न थांबता वीस तास नऊ मिनिटांत आलं होतं. 2015 च्या मार्चमध्ये त्याला या छोट्या धावपट्टीवर उतरवलं. धावपट्टीची रुंदी फक्त तीस मीटर! जंबोच्या बाहेरच्या इंजिनांखाली गवतच येतं. ते हँगरमध्ये मावत नाही, बाहेरच उभं असतं, समुद्राच्या हवेत. म्हणजे आपल्यासारखाच प्रश्न त्यांनाही आहे. त्यांना सगळं सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

पण मला आपल्यापर्यंत पोचवायची होती ती दुसऱ्या विमानाची गोष्ट. ऑस्ट्रेलियन हवाई दलाने समुद्रावर पाहणी करणारं एक ओरायन, एपी-3सी, 2017 मध्ये या संस्थेला दिलं. उडतं दिलं. लष्कराने आपलं विमान नागरी स्वयंसेवकांच्या स्वाधीन केलं आणि म्हटलं, सांभाळा. त्याच वर्षी आपल्या नौदलाने टीयू-142 निवृत्त केलं आणि विशाखापट्टणमला त्याचं देखणं संग्रहालय झालं. ते व्हायलाच हवं होतं. फरक एवढाच की तिथे लोक विमान बघायला येतात आणि इथे, म्हणजे शेलहार्बरला, त्यातले काही जण संध्याकाळी हात काळे करून घरी जातात.

मी राणीला उडवा असं म्हणत नाही. असलं काही मनात आणणाऱ्याने लुफ्थान्साचं उदाहरण पाहावं. त्यांनी याच घराण्यातल्या स्टारलायनरला पुन्हा उडवायचं ठरवलं, 2008 पासून अमेरिकेत मेन राज्यात काम चालवलं, कोट्यवधी युरो ओतले आणि 2018 मध्ये हात टेकले. विमान सुटं करून जर्मनीला नेलं. पैशाने सगळं होत असतं तर लुफ्थान्साचं झालं असतं. मला जवळचं वाटतं ते ऑस्ट्रेलियातल्या लाँगरीचचं. तिथल्या क्वांटास संस्थापकांच्या संग्रहालयाने मनिलाच्या विमानतळावर वर्षानुवर्षं बेवारस पडलेलं एक कॉन्स्टेलेशन 2014 मध्ये लिलावात घेतलं. जहाजाने आणि ट्रकने क्वीन्सलंडच्या आतल्या भागात नेऊन ते केवळ उभं ठेवण्यासाठी नीट केलं. उडणार नाही, पण सडणारही नाही. मला राणीसाठी एवढंच हवंय.

सडणं हा शब्द मी जपून वापरतोय. बोगमाळोला मी गेलो तेव्हा रंग स्वच्छ होता, पाटी नीट होती, आवार झाडलेलं होतं. राणीच्या आत काय आहे ते मला बाहेरून दिसलेलं नाही, आणि न उघडता निदान करणारा इंजिनिअर आणि न तपासता गोळ्या देणारा डॉक्टर यांत मी फरक करत नाही. तेव्हा पुढचं जे आहे ते उघड्यावर, समुद्राजवळ उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या विमानाबद्दल समजावं.

विमान वरून गंजत नाही, आतून गंजतं. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यात पोलादी बोल्ट आणि दोघांमध्ये खारट ओल: झाला बॅटरीचा सेल. वीज वाहते फार थोडी, पण रात्रंदिवस वाहते आणि पत्रा खाल्ला जातो. पुढे पत्र्याचे थर सुटायला लागतात, खारी बिस्किटासारखे. बोटाने दाबलं तर भुगा. आणि वर रंग तसाच चकचकीत! किंबहुना दर दोन वर्षांनी पाहुणे यायच्या आधी दिलेला रंगाचा नवा हात हा जुन्या विमानाचा मोठा शत्रू असतो, कारण तो ओल आत कोंडतो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. खिडक्यांची रबरं उन्हाने कडक होऊन तडकतात, मग पहिल्या पावसात पाणी आत. इंजिनाच्या तोंडात साळुंक्या घरटं करतात. गवत ओल धरून ठेवतं आणि विष्ठा धातू खाते. पण सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत घातक गोष्ट म्हणजे पोटाखालची भोकं. विमानाच्या तळाला पाणी वाहून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, पेन्सिलच्या टोकाएवढी. ती धुळीने, रंगाने बुजतात. मग कोकणातला चार महिन्यांचा पाऊस पोटात साठतो आणि तिथेच राहतो. शेलहार्बरला एक आजोबा होते, त्यांच्याकडे एक वाकवलेली तार असायची. येता जाता ते कुठल्याही विमानाखाली शिरून भोकात तार घालायचे. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. सवय.

या कामाला ना निविदा लागते ना तज्ज्ञ समिती. लागतो वेळ आणि ओळखणारा डोळा. कंत्राटदाराला आपण रंगाचे चौरस फूट मोजून पैसे देऊ शकता. बुजलेल्या भोकांचे कसे देणार?

म्हणून माझी मागणी. महिन्यातले दोन शनिवार, निवृत्त विमान तंत्रज्ञांच्या एका छोट्या तुकडीला राणीजवळ काम करू द्यावं. दहा-बारा माणसं पुरेत. नौदलातले, हवाई दलातले, नागरी कंपन्यांतले, एचएएलमधले. सोबत पाच-सात तरुण, कारण शिड्या कोणी तरी चढायला हव्यात. पगार नको, गाडीभाडं नको. नौदलाचा एक तांत्रिक अधिकारी वर असावा आणि त्याच्या सहीशिवाय एक स्क्रूही फिरू नये. पहिले सहा महिने काही दुरुस्तच करू नये. फक्त बघावं, मोजावं, फोटो काढावेत, वहीत लिहावं.

हे शेवटचं मी मुद्दाम घातलंय. आमच्या महाराष्ट्रात स्वयंसेवकांची कमी नाही. दर रविवारी पहाटे निघून गडावर जाणारी, टाक्यांतला गाळ उपसणारी, तटावरची झाडं काढणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यांच्याबरोबर एकदोनदा घमेलीही उचलली आहेत. पण चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरणारा उत्साहही मी पाहिला आहे. प्रेमाने केलेलं नुकसान भरून काढणं सगळ्यांत अवघड, कारण करणाऱ्याला रागावताही येत नाही. विमानालाही हाच धोका आहे. हौशी माणसाच्या हातात सँडपेपर आला की तो जुना अस्सल रंग, एखादं मूळ अक्षर, एखाद्या मेकॅनिकने पेन्सिलने लिहिलेली तारीख घासून टाकतो आणि छान चमकवलं म्हणून फोटो काढतो. वेरूळच्या राणीवर तीन संसारांचे थर आहेत: एअर इंडिया, हवाई दल, नौदल. कुठला थर दाखवायचा हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तर आम्हा पाना-फडकेवाल्यांनी देऊ नये. ते आपल्या इतिहासाच्या माणसांनी द्यावं.

सुरक्षेचा मुद्दा येईल. यायला हवा. पण संग्रहालय आजही तिकीट काढून येणाऱ्या कुणालाही खुलं आहे. त्यापेक्षा नाव, पत्ता, पोलिसी पडताळणी असलेली बारा म्हातारी माणसं अधिक धोकादायक ठरतील असं वाटत नाही. पडून हाडं मोडली तर? विमा आम्ही आमचा काढू, हमीपत्र लिहून देऊ, आणि सुरुवातीला जमिनीवर उभं राहून होईल तेवढंच करू. अशी प्रथाच नाही, हेही कोणी म्हणेल. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. प्रथा नाही हे खरंच आहे.

घाई मात्र आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जो विशीतला नौसैनिक दाबोळीला या इंजिनांवर चढत होता, तो आज साठी ओलांडून गेला आहे. ज्याने त्याला शिकवलं, तो ऐंशीच्या पलीकडे, असला तर. लोहगावच्या काळातले त्याहून वडील. एकशे चव्वेचाळिसांतला रुसलेला प्लग आवाजावरून ओळखणारा कान पुस्तकात उतरत नाही. आमचे ते गुरू गेले तेव्हा त्यांच्या घरी मी त्यांची वही मागितली. रद्दीत गेली होती. घरच्यांचा दोष नाही. तेलाचे डाग पडलेली वही कोण ठेवतं?

जुन्या विमानवाहू नौकेचं, विक्रांतचंही सांगायला हवं. 2001 पासून 2012 पर्यंत ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. रांगेत दोन तास, ऊन, तरी कुणी कुरकुरत नव्हतं. मग सांगाडा धोकादायक झाला, संग्रहालय बंद झालं, 2014 मध्ये ती विकली गेली आणि दारूखान्याला तोडली. तिचं पोलाद पुढे मोटरसायकलीत गेलं. एवढ्या मोठ्या जहाजाला हौशी माणसं वाचवू शकली नसती, हे मला मान्य आहे. पण आपल्याला कोणी मदत मागितलीच नाही, ही हुरहुर मुंबईतल्या पुष्कळ जणांना आजही आहे. विमान त्या मानाने लहान आहे. हातात मावण्यासारखं.

आणखी एक गोष्ट. आमच्या खात्याच्या माणसाचं नाव इतिहासात सहसा येत नाही, वैमानिकाचं येतं. एक अपवाद मला ठाऊक आहे आणि तो याच विमानांच्या घराण्यातला आहे. 11 एप्रिल 1955 रोजी हाँगकाँगहून बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या ‘काश्मीर प्रिन्सेस’मध्ये, म्हणजे राणीच्या थोरल्या बहिणीत, घातपात्यांनी चाकाच्या खोबणीत बॉम्ब ठेवला होता. कॅप्टन जटार यांनी पेटलेलं विमान समुद्रापर्यंत आणलं. एकोणीस जणांपैकी तिघे वाचले. सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि तिसरे अनंत कर्णिक, देखभाल इंजिनिअर. कर्णिकांना अशोक चक्राचा सन्मान मिळाला आणि पुढे त्यांनी त्या प्रसंगावर पुस्तकही लिहिलं. शिकाऊ असताना आमच्या हँगरमध्ये त्यांचं नाव आम्ही जरा छाती काढून घ्यायचो. ते विमान समुद्रतळाशी गेलं. त्याच्या घराण्यातलं एक आपल्या अंगणात उभं आहे, आणि त्याला हात लावायची परवानगी मी मागतोय.

नकार कळवायचा असेल तरी कळवावा. निवृत्त माणसाला टपालाची वाट पाहायची सवय असते. होकार आला तर पावसाळ्याआधी यावा, कारण पहिल्या शनिवारी करायचं काम मी ठरवून ठेवलं आहे. राणीच्या पोटाखाली उताणं पडून नाकापासून शेपटीपर्यंत एकेक भोक शोधायचं. त्याला लागणारी तार मी वाकवून ठेवली आहे, येताना घेऊन येईन.



आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ
पुणे